झाकल्या मुठीचे गणित

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मराठी माणूस बहुधा अब्रूच्या संदर्भात वापरतो. घरातले उणेदुणे घरातच राहिले की चारचौघांत मान ताठ राहते, एवढाच तिचा व्यवहारी अर्थ. परंतु विसाव्या शतकात माणसाने अशी एक मूठ तयार केली, की जिच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरावी. अणुभट्टीतील इंधनाची नळी ही ती मूठ होय. ती झाकलेली असते तोवर तिच्या उष्णतेवर गावेच्या गावे उजळतात. ती फुटली तर आतून काय बाहेर पडेल, किती पडेल आणि केव्हा पडेल, या प्रश्नांची उत्तरे मात्र मूठ न उघडताच द्यावी लागतात. ती उत्तरे शोधण्याचे गणित आज संगणकावर मांडले जाते. हे गणित करणारी माणसे थोडी आहेत आणि त्यांची नावे वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. त्यांच्या आकड्यांवर मात्र लाखो लोकांचे क्षेमकुशल अवलंबून असते.

या नळीत असते तरी काय? युरेनियम डायऑक्साइड या काळपट, मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ पदार्थाच्या लहान लहान वड्या. तंत्रज्ञ त्यांना पेलेट म्हणतात. बहुतेक भट्ट्यांत अशी वडी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते. जाडी सुमारे एक सेंटिमीटर, उंचीही जवळपास तेवढीच. अशा शेकडो वड्या एकावर एक रचून झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब, बारीक नळीत भरतात आणि नळीची दोन्ही टोके कायमची बंद करतात. भारतातील जडपाण्याच्या भट्ट्यांत ही नळी आखूड, सुमारे अर्धा मीटर लांबीची असते. तारापूर, रावतभाटा, कल्पाक्कम, काक्रापार, कैगा अशा ठिकाणच्या या जातीच्या भट्ट्यांत अशा नळ्यांचे जुडगे एकामागोमाग एक सरकवले जातात. संवर्धित युरेनियमच्या एका वडीतून तिच्या आयुष्यभरात सुमारे एक टन कोळशाइतकी उष्णता मिळते, असे सांगितले की ऐकणारा थक्क होतो. पण ती उष्णता देऊन झाल्यावर वडीची काय अवस्था होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

कोळसा जळला की राख उरते. युरेनियमचा अणू दुभंगला की त्याचीही एक राख उरते, आणि ती चमत्कारिक असते. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिन येथे ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यानंतर बेरियम सापडले. युरेनियमच्या निम्म्या वजनाचे हे मूलद्रव्य तेथे आले कोठून, हे त्यांना उमगेना. त्यांची जुनी सहकारी लिझ माइटनर हिने जर्मनीतून परागंदा होऊन स्वीडनमध्ये आसरा घेतला होता. तिने आणि तिचा भाचा ओटो फ्रिश याने त्याचा अर्थ लावला: अणू दुभंगला होता. म्हणजे माणसाला अणुविखंडनाची पहिली ओळख झाली ती विखंडनाच्या राखेवरूनच. या राखेत एकटे बेरियम नसते. अणू प्रत्येक वेळी एकाच जागी फुटत नाही. म्हणून तुकड्यांमध्ये झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू असतात, आयोडीन, सीझियम, टेल्युरियम असतात, स्ट्रॉन्शियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम आणि आणखी कितीतरी मूलद्रव्ये असतात. त्यांतील बरीचशी किरणोत्सारी असतात आणि कोणी काही सेकंदांत, कोणी आठ दिवसांत, कोणी तीस वर्षांत निम्मी होत जातात. वडी भट्टीत जाते तेव्हा ती एकाच संयुगाची असते. बाहेर येते तेव्हा रसायनशास्त्राच्या तक्त्यातील जवळजवळ एक तृतीयांश मूलद्रव्ये तिच्यात वस्तीला आलेली असतात.

या वस्तीने माणसाला पहिला हिसका फार लवकर दिला. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे प्लुटोनियम तयार करण्यासाठी पहिली मोठी अणुभट्टी उभारण्यात आली आणि २६ सप्टेंबर १९४४ रोजी ती सुरू झाली. सारे सुरळीत आहे असे वाटत असतानाच काही तासांत तिची शक्ती उतरू लागली आणि अखेर ती आपोआप बंद पडली. कोठे गळती नव्हती, कोठे बिघाड नव्हता. आणखी काही तास गेले आणि ती पुन्हा आपोआप जागी होऊ लागली! जॉन व्हीलर या पदार्थवैज्ञानिकाने या झोपण्याच्या आणि जागे होण्याच्या वेळा ताडून पाहिल्या. आयोडीन-१३५ चे अर्धायुष्य साडेसहा तासांच्या आसपास आणि त्यापासून तयार होणाऱ्या झेनॉन-१३५ चे नऊ तासांच्या आसपास. वेळा या दोहोंशी जुळत होत्या. झेनॉन न्यूट्रॉन गिळत होता आणि साखळी तुटत होती. ड्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांनी शास्त्रज्ञांच्या हिशेबापेक्षा पाचशेच्या वर अधिक नळ्यांची जागा आधीच ठेवली होती. त्या भरल्यावर झेनॉनवर मात करता आली. येथे ध्यानात ठेवण्याजोगे असे, की गुन्हेगार कोणी डोळ्यांनी पाहिला नाही. तो घड्याळाच्या आणि गणिताच्या साहाय्याने पकडला गेला. पुढे या विद्येची जी वाढ झाली ती याच वाटेने.

झेनॉनचा हा उपद्रव भट्टी चालवण्यापुरता होता. त्याचा दुसरा उपद्रव अधिक संथ आहे आणि अधिक अवघडही. विखंडनातून निघणाऱ्या दर शंभर अणूंच्या फुटीमागे सुमारे तीस अणू या वायूंचे असतात. झेनॉन आणि क्रिप्टॉन कोणाशीही संयोग पावत नाहीत. घन पदार्थात त्यांना हक्काची जागा नाही. भरपूर वापरलेल्या एका वडीतील हा सारा वायू मोकळा करून साध्या हवेच्या दाबाला आणला, तर त्याचे आकारमान वडीच्या दहा पटींहून अधिक भरेल. एवढा वायू बोटाच्या पेराएवढ्या वडीत कोंडलेला असतो. तो जातो कोठे आणि कसा, हा प्रतिरूपे रचणाऱ्यांचा मुख्य प्रश्न आहे.

सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर वडी एकसंध नसते. भाजलेल्या मातीत असावेत तसे लहान लहान स्फटिककण तिच्यात एकमेकांना चिकटलेले असतात. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. वायूचा अणू या कणाच्या पोटात जन्मतो. तेथून तो उष्णतेमुळे इकडेतिकडे ठेचकाळत, दिशा नसलेल्या माणसासारखा भटकतो. वाटेत दुसरे वायूचे अणू भेटले तर त्यांचा अतिसूक्ष्म बुडबुडा होतो. परंतु शेजारी दुसरा अणू फुटला की त्याचा वेगवान तुकडा त्या बुडबुड्यातून आरपार जातो आणि साचलेले अणू पुन्हा विखुरतो. साचणे आणि विखुरणे असे अखंड चालू असते. जे अणू कणाच्या सीमेपर्यंत पोचतात ते तेथे भिंगाच्या आकाराचे मोठे बुडबुडे बनवतात. पावसाळ्याच्या आरंभी अंगणात आधी सुटी सुटी डबकी साचतात, मग ती एकमेकांना मिळतात आणि एका क्षणी त्यांचा ओहोळ होऊन पाणी फाटकाबाहेर धावते. तसेच कणसीमेवर घडते. बुडबुडे मिळून बोगदे होतात आणि बराच काळ अडून राहिलेला वायू वडीबाहेरच्या मोकळ्या जागेत उतरतो. म्हणून आरंभी वायू जवळजवळ सुटतच नाही आणि मग सुटू लागला की भराभर सुटतो. नॉर्वेतील हाल्डेन येथील प्रयोगांतून १९७० च्या दशकात असे आढळले, की वडीच्या मध्याचे तापमान एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सुटलेल्या वायूचे प्रमाण एक टक्क्याच्या वर जाते. आणि इंधन जितके जुने, तितकी ही मर्यादा खाली येते.

यातली खरी मेख पुढेच आहे. युरेनियम डायऑक्साइड उष्णतेचा वाईट वाहक आहे. वडीच्या कडेला चारशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असते, तर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर, मध्यभागी ते हजार ते दीड हजार अंश किंवा त्याहूनही अधिक असते. या ताणाने वडी तडकते. वडी आणि नळी यांच्यामधील केसाएवढ्या फटीत आरंभी हेलियम भरलेला असतो, कारण तो उष्णता उत्तम वाहतो. त्यात झेनॉन मिसळला की वाहकता घसरते. झेनॉनची वाहकता हेलियमच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे. उष्णता बाहेर पडण्यास अडते, वडी अधिक तापते, अधिक तापलेली वडी आणखी झेनॉन सोडते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. ते कोठे थांबेल आणि कोठे थांबणार नाही, हे अंदाजाने सांगता येत नाही; त्यासाठी क्षणाक्षणाचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब पहिल्यांदा सोप्या रीतीने मांडला तो कॅनडातील ए. एच. बूथ यांनी १९५७ साली. इंधनातील वेडेवाकडे कण त्यांनी बाजूला ठेवले आणि सारे कण सारख्या आकाराचे चेंडू आहेत असे मानले. चेंडूच्या पोटातील वायू पृष्ठभागापर्यंत विसरणाने पोचतो. पृष्ठभागाशी आला की सुटला. हे चित्र खरे नाही, हे बूथ यांनाही ठाऊक होते. पण शास्त्रातील चांगले प्रतिरूप आणि थाप यांत फरक असतो तो येथेच. आपण काय काय गृहीत धरले, हे प्रतिरूप रचणारा आधीच उघडपणे सांगतो. बूथ यांच्या चेंडूमुळे वायूच्या सुटकेचा प्रश्न एका समीकरणात आला आणि कागदावर सोडवता येऊ लागला. पुढील पिढीने त्यात बुडबुड्यांचे साचणे व विखुरणे घातले, कणसीमा घातल्या, वडीच्या कडेला जुन्या इंधनात कण बारीक होऊन चाळणीसारखी रचना होते तीही घातली. गणित हातात मावेना तसा तो संगणकाचा विषय झाला. आज अमेरिकेतील आयडाहो येथे बायसन, जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे वाढलेली ट्रान्सयुरेनस आणि भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रोफेस व फेअर अशा आज्ञावल्या या कामासाठी लिहिल्या गेल्या आहेत. नावे अनेक आहेत. गाभा मात्र तोच आहे. वडीचे मनाने बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात उष्णता, ताण आणि विखंडनजन्य द्रव्ये यांचा ताळेबंद मांडायचा आणि काळ एकेक पाऊल पुढे सरकवायचा.

परंतु संगणकाच्या पडद्यावर आलेला आकडा खरा कशावरून मानायचा? या प्रश्नासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे: दृक्प्रत्यय. तो आला आहे पंचांगाच्या वादातून. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आणि आकाशातील ग्रहांची खरी स्थाने यांत अंतर पडत चालले, तेव्हा केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांचा आग्रह असा होता, की गणित कितीही पूज्य असले तरी ते डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळले पाहिजे. पंचांगकर्त्याची कसोटी ग्रहणाच्या दिवशी लागते. इंधनाचे गणित मांडणाऱ्याची अडचण अशी, की त्याला उघडे आकाश नाही. वडी चालू असताना तिच्यात डोकावता येत नाही. बाहेर काढल्यावर ती इतकी किरणोत्सारी असते, की तिच्याजवळ उभेही राहता येत नाही.

म्हणून जगाने या कामासाठी काही ठिकाणी मुद्दाम वेधशाळा उभारल्या. त्यातील सर्वांत नावाजलेली नॉर्वेतील हाल्डेन या गावची. तेथील अणुभट्टी डोंगराच्या पोटात होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि २०१८ साली कायमची बंद करण्यात आली. तेथे वडीच्या मध्यातून भोक पाडून त्यात उष्णतामापक बसवत, नळीच्या टोकाला दाबमापक जोडत आणि भट्टी चालू असतानाच आतील तापमान व वायूचा दाब वाचत. १९९३ ते १९९६ या काळात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने फ्यूमेक्स नावाचा उपक्रम राबवला. त्यात अनेक देशांच्या गणितज्ञांना हाल्डेनमधील प्रयोगांची परिस्थिती सांगण्यात आली, निकाल मात्र झाकून ठेवण्यात आले. प्रत्येकाने आपला आकडा आधी द्यायचा आणि मग मोजलेला आकडा उघड व्हायचा. भारतातील शास्त्रज्ञांनीही त्यात भाग घेतला होता. परीक्षेची ही रीत मोठी प्रामाणिक म्हटली पाहिजे. निकाल माहीत असताना जुळवून आणलेले गणित आणि निकाल माहीत नसताना केलेले गणित यांत शेतीतल्या बांधाएवढे अंतर असते. अशा तुलनांतून तापमानाचे गणित बरे जमते असे दिसून आले. सुटणाऱ्या वायूचे गणित मात्र आजही कित्येकदा दुपटीने किंवा निमपटीने चुकते, आणि या विषयातील जाणती माणसे ते लपवत नाहीत.

वायू दुपटीने चुकला तरी झेनॉनपुरते एक समाधान असते. तो श्वासावाटे आत गेला तरी शरीरात टिकत नाही. आयोडीनची गोष्ट वेगळी आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ते हवेतून गवतावर उतरते, गवतातून गाईच्या पोटात, तेथून दुधात आणि दुधातून लहान मुलाच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत जाऊन साठते. ग्रंथीला साधे आयोडीन आणि हे आयोडीन यांतला भेद कळत नाही. म्हणून अपघातात आयोडीन किती सुटेल, या प्रश्नामागे अखेर उभे असते ते सकाळी पेल्यातून दूध पिणारे मूल.

१९६२ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने यासाठी एक ठोकताळा घालून दिला. मोठा अपघात झाला तर झेनॉनसारखे सर्व वायू, निम्मे आयोडीन आणि बाकी घन द्रव्यांपैकी एक टक्का इंधनातून सुटेल असे धरावे, असा तो हिशेब होता. त्यात निरीक्षणापेक्षा सावधपणा अधिक होता. ‘अधिक धरले तर नुकसान नाही’ ही त्यामागची समजूत. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड येथे तो अपघात खरोखरच झाला. पाणी कमी पडून इंधन उघडे पडले आणि गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. चौकशी आयोगाच्या हिशेबानुसार २४ लाख ते १ कोटी ३० लाख क्युरी इतके किरणोत्सारी वायू वातावरणात गेले. आयोडीन किती गेले? १३ ते १७ क्युरी. गाभ्यात कोट्यवधी क्युरी आयोडीन होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे नवल कळते. त्याचे कारण होते रसायन आणि पाणी. इंधनात आयोडीनपेक्षा सीझियम पुष्कळ अधिक असते. आयोडीनचा मोठा भाग त्याच्याशी बांधला जातो आणि ते संयुग मिठासारखे पाण्यात विरघळते. इमारतीत पाणी भरपूर होते. त्यामुळे जे हवेत जायचे ते पाण्यात राहिले.

ठोकताळा चुकला, पण सुरक्षित बाजूने चुकला, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्या दिवसांत नेमके काय सुटले आहे हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. राज्याच्या गव्हर्नरांनी जवळच्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनाच दूर जाण्याचा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार माणसे घरे सोडून गेली. जास्तीच्या भीतीलाही किंमत मोजावी लागते. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथील अपघातानंतर तर हे फार विदारकपणे दिसले. त्या प्रांतात भूकंप, त्सुनामी आणि अणुअपघात यांनंतरच्या स्थलांतराच्या व विस्थापित जीवनाच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू सरकारी नोंदीनुसार दोन हजारांहून अधिक आहेत. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा आहे. लोकांना हलवणे कित्येक ठिकाणी आवश्यक होतेच. पण कोणाला, किती दूर आणि किती दिवसांसाठी, हे ठरवणारा आकडा जितका ढोबळ, तितका हा भुर्दंड वाढतो. प्रतिरूप रचणाऱ्याला म्हणूनच ‘जास्त धरले की झाले’ या पळवाटेचा आसरा घेता येत नाही.

आणि कमी धरले तर? त्याचे उत्तर २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलने दिले. तेथे भट्टीवर भक्कम बंदिस्त इमारत नव्हती, वाटेत पाण्याचा अडसर नव्हता. गाभा उघडा पडून दहा दिवस धुमसत राहिला. झेनॉन तर सगळाच गेला. आयोडीनही जवळजवळ निम्मे बाहेर पडले. १९६२ चा कागदावरचा ठोकताळा येथे, वेगळ्या भट्टीत आणि वेगळ्या कारणांनी, जवळपास खरा ठरला. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच आयोडीनचे औषध वाटण्यास आरंभ केला. सुमारे १ कोटी मुलांना ते देण्यात आले. ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरली म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तीत जागा उरत नाही, एवढे सोपे त्यामागचे तत्त्व. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत मात्र कित्येक गावी मुले ते दूध पीत राहिली. त्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ सालापर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील मोठा वाटा त्या दुधाचा होता. उपचारांनी बहुतेक जण वाचले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

थ्री माईल आयलंडच्या अनुभवानंतर ठोकताळा बदलला. १९९५ साली अमेरिकेच्या नियामक आयोगाने नवा हिशेब स्वीकारला. त्यानुसार भट्टीतून बाहेरच्या बंदिस्त इमारतीत येणाऱ्या आयोडीनपैकी किमान ९५ टक्के हे सीझियमशी बांधलेले असते. गणित सुधारले म्हणून सर्वांना हायसे वाटणे स्वाभाविक होते. पण दृक्प्रत्ययाची परीक्षा संपलेली नव्हती. फ्रान्समधील कादाराश येथे फेब्युस नावाच्या संशोधन भट्टीत १९९३ ते २००४ या काळात पाच मोठे प्रयोग झाले. खऱ्या इंधनाचा एक छोटा जुडगा मुद्दाम वितळवायचा आणि त्यातून सुटणारी द्रव्ये नळ्यांतून, टाकीत, पाण्यात कोठे कोठे जातात ते मोजायचे, असा तो उद्योग होता. तेथे दोन गोष्टी गणितापेक्षा निराळ्या निघाल्या. इंधन स्वतःच्या वितळणबिंदूला पोचण्यापूर्वीच, सोबतच्या धातूंशी झालेल्या क्रियांमुळे कोसळले. आणि बंदिस्त टाकीच्या हवेत वायुरूप आयोडीन अपेक्षेहून लवकर आणि अधिक दिसले. नियंत्रक दांड्यांतील चांदीचे कण पाण्यात उतरले, तेव्हा त्यांनी आयोडीनला पकडून ठेवले. पण ज्या शेवटच्या प्रयोगात चांदीऐवजी बोरॉन कार्बाइडची दांडी होती, तेथे वायुरूप आयोडीनचे प्रमाण फारच वाढले. आयोडीनचा हिशेब मांडताना दांडी कशाची आहे हेही विचारावे लागते, हे एवढ्या ठळकपणे आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते! पहिले गणित अति भ्याले होते, दुसरे थोडे अति निर्धास्त झाले होते. तिसरे अजून घडते आहे.

भारतातील परिस्थिती काही बाबतींत सौम्य म्हणावी लागेल. जडपाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात आणि ते एक टन इंधनामागे साधारण ७,००० मेगावॉट-दिवस इतकी उष्णता देऊन बाहेर पडते. इतर देशांतील संवर्धित इंधनाच्या तुलनेत हे आयुष्य फार थोडे. राख कमी, म्हणून मुठीतला ऐवजही कमी. तथापि काही मोजके जुडगे मुद्दाम यापेक्षा पुष्कळ अधिक काळ भट्टीत ठेवून पाहण्यात आले. परदेशातील आकडे या इंधनाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण येथे वडी अधिक जाड आहे, नळी पातळ आहे, भट्टीची चाल वेगळी आहे. आपले इंधन आपणच तपासावे लागते. हे तपासण्याचे काम मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या उष्ण कक्षांत चालते.

या कक्षांच्या भिंती सिमेंट-काँक्रीटच्या आणि माणसाच्या हातभराहून जाड असतात. खिडक्यांना शिसेमिश्रित काचेचे जाड थर असतात आणि त्यातून पलीकडचे सारे पिवळसर दिसते. बाहेर उभा असलेला तंत्रज्ञ दोन मुठी हलवतो आणि आत यांत्रिक चिमटे तशीच हालचाल करतात. भट्टीतून आलेली, पाण्याच्या तलावात कित्येक महिने थंड झालेली एक नळी चिमट्यांनी उचलून पाळण्यात ठेवली जाते. तिच्यावर एक हवाबंद टोपण बसवले जाते, टोपणातील हवा काढून घेतली जाते आणि मग नळीला बारीक भोक पाडले जाते. आत कोंडलेला वायू बाहेरच्या मापलेल्या पात्रात येतो. दाबमापकाचा काटा हलतो आणि स्थिरावतो. त्या वायूचा एक नमुना झेनॉन किती आणि क्रिप्टॉन किती हे पाहण्यासाठी पुढे पाठवला जातो. नळी मग कापली जाते, घासून चकचकीत केली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमांवरचे बुडबुडे मोजले जातात. काट्याचा आकडा वहीत उतरतो. त्याच्या शेजारच्या रकान्यात संगणकाने काही आठवड्यांपूर्वी सांगितलेला आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो.